मॉरिशस: काळ्या दगडाच्या बेटावर सावकाश

मॉरिशसच्या विमानतळाबाहेर पडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि त्या उसात मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसू लागतात. काही नुसते रचलेले, काही पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती एखाद्या जुन्या वास्तूची पडझड वाटते. प्रत्यक्षात ते शेतं साफ करताना वेचून काढलेले दगड आहेत. इथे ऊस लावायचा तर आधी जमिनीतला दगड बाहेर काढावा लागे. हे काम आधी गुलामांनी केलं आणि 1834 पासून भारतातून करारावर नेलेल्या मजुरांनी. त्या मजुरांमध्ये रत्नागिरी, सातारा या भागांतून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आपली भाषा आणि सण सांभाळून आहेत.

तो दगडही मराठी माणसाच्या ओळखीचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमातून दख्खनचे लाव्हाचे थर ओतले गेले, त्याच उगमावरून भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला. मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी पाण्याखालच्या आणि पाण्यावरच्या डोंगरांची एक माळ तयार झाली. माळेच्या दक्षिण टोकाला साधारण 80 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. आता तो उगम शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो. मॉरिशस मात्र शांत आहे. रायगडाचा कडा, वेरूळची लेणी आणि मॉरिशसच्या उसातले ढीग यांच्या दगडाचं मूळ एकच, एवढं लक्षात ठेवून गेलं की या बेटाकडे बघण्याची नजरच बदलते.

आपल्याकडून जाणारे बहुतेक जण मात्र हे बेट ‘उरकतात’. पाच रात्री, एक दिवस ‘नॉर्थ टूर’, एक दिवस ‘साउथ टूर’, एक दिवस इल ओ सेर बेटाची बोट, उरलेल्या वेळात खरेदी. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 45 किलोमीटर असल्यामुळे हे जमतंही. साउथ टूरमध्ये क्यूरपीपचं विवर, गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती, धबधबा आणि वाटेतले दोन-चार पॉइंट एकाच दिवसात कोंबलेले असतात. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा पार्किंगपासून कठड्यापर्यंत जाण्यात जातात आणि उरलेली फोटोत. ज्या जागा घडायला लाखो वर्षं लागली त्या अशा बघायच्या नसतात. मॉरिशसला जायचं तर किमान आठ रात्री हाताशी ठेवाव्यात आणि रोज एकच मोठी गोष्ट करायची असं ठरवून टाकावं. सुटी तेवढी नसेल तर ठिकाणं कमी करावीत, वेग वाढवू नये.

आखणीची सुरुवात नकाशापेक्षा वाऱ्यापासून करावी. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, दमट आणि पावसाचा. मे ते ऑक्टोबर हिवाळा, कोरडा आणि सुखद. चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरला जातो, पण खरा जोर जानेवारी ते मार्चमध्ये. 15 जानेवारी 2024 रोजी ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या. वादळाच्या इशाऱ्याच्या तिथे चार पायऱ्या आहेत. तिसरी आली की बाहेर फिरणं बंद, सगळे घरात. त्यामुळे लग्नानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या सहलीसाठी मॉरिशस निवडणाऱ्यांनी तिकीट आणि हॉटेल दोन्ही बदलता येतील अशा अटींवर घ्यावं. मन मोकळं ठेवून फिरायचं तर मे ते ऑक्टोबर बरा, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वात चांगला: पाऊस कमी, वारा उतरलेला, पाणी पुन्हा कोमट होऊ लागलेलं.

वर्षभर एक गोष्ट मात्र कायम असते. वारा आग्नेयेकडून येतो. तो पूर्व किनाऱ्यावर आदळतो, मधल्या पठारावर चढताना पाऊस टाकतो आणि पश्चिमेला कोरडा होऊन उतरतो. आपल्या सह्याद्रीसारखंच हे गणित, फक्त दिशा उलटी. घाटमाथ्याच्या जागी तिथे क्यूरपीप आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, कायम ओलसर, धुक्यातलं गाव. किनाऱ्यावर कडक ऊन असताना क्यूरपीपमध्ये स्वेटर लागतो. जून ते ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर मुक्काम केला तर वाऱ्याने हैराण व्हायला होतं आणि पश्चिमेला त्याच दिवशी समुद्र तळ्यासारखा असतो. आपल्याकडच्या जाहिरातींत पूर्वेकडची भारी रिसॉर्ट अधिक दिसतात. हिवाळ्यात जाणाऱ्याने ती सोडून पश्चिमेला किंवा वायव्येला खोली घ्यावी.

मुक्काम दोन ठिकाणी विभागणं उत्तम. पाच रात्री पश्चिमेला, फ्लिक आं फ्लाक किंवा टॅमरिनच्या बाजूला, आणि तीन रात्री आग्नेयेला, माहेबूर-ब्लू बेच्या परिसरात. पश्चिमेकडून पठार, शामारेल आणि ल मोर्न जवळ पडतं. माहेबूर विमानतळाला लागून असल्याने शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही. फ्लिक आं फ्लाकमध्ये स्वयंपाकघर असलेली छोटी अपार्टमेंट मिळतात. लहान मुलं किंवा पथ्याचे आजी-आजोबा बरोबर असतील तर ती हॉटेलपेक्षा कितीतरी सोयीची, आणि खर्चही आटोक्यात राहतो. समुद्रकिनारे तिथे सार्वजनिक आहेत. भरतीच्या रेषेपर्यंतच्या वाळूवर कुणालाही बसता येतं. त्यामुळे समुद्रासमोरच्या महागड्या खोलीचा अट्टहास नको. एखादी गल्ली मागे राहिलं तरी समुद्र तोच मिळतो.

आता पठाराचा दिवस. क्यूरपीपला जाण्यासाठी गाडी हवीच असं नाही. मेट्रो एक्स्प्रेस 2020 मध्ये सुरू झाली आणि 2022 मध्ये क्यूरपीपपर्यंत पोचली. ती भारताच्या मदतीने आणि लार्सन अँड टुब्रोच्या हातून उभी राहिली आहे. पोर्ट लुईसपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाकोआ अशी ती हळूहळू पठार चढते. खिडकीतून एकीकडे गावं आणि दुसरीकडे सुळक्यांची रांग दिसत राहते. तासाभराच्या आतला हा प्रवास स्वस्तात बेटाचा उभा छेद दाखवून जातो. क्यूरपीपच्या स्टेशनजवळून टॅक्सी करून त्रू ओ सेर या विवरापाशी जावं. सुमारे 300 मीटर रुंद, 80 मीटर खोल असा हा झाडांनी भरलेला वाडगा आहे आणि त्याच्या काठावरून गोल रस्ता जातो. सकाळी तिथे स्थानिक लोक फेऱ्या मारत असतात. त्यांच्याबरोबर एक पूर्ण फेरी मारावी. आतल्या बाजूला तळाशी दलदलीचं डबकं आणि वर दाटलेली झाडी, बाहेरच्या बाजूला हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेचे डोंगर. आग ओकलेली जागा इतकी हिरवी आणि शांत होऊ शकते, हे इथे डोळ्यांनी बघायला मिळतं. दुपारनंतर ढग उतरतात, म्हणून दहाच्या आत पोचावं.

गंगा तलाव हेही विवरातच साठलेलं पाणी. मूळ नाव ग्रां बासँ. 1898 मध्ये उत्तरेकडच्या त्रिओले गावातून भाविकांची पहिली तुकडी चालत इथे आली. 1972 मध्ये गोमुखाचं गंगाजल या तळ्यात मिसळलं गेलं आणि नाव ‘गंगा तलाव’ झालं. वाटेवर 33 मीटर उंचीचा मंगल महादेव उभा आहे. तो वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या शंकराच्या मूर्तीवरून घडवलेला. काठावर देवळं आहेत, माकडं आहेत, पायाखालचा दगड थंडगार असतो. पर्यटकांच्या बसेस अकराच्या सुमाराला येऊ लागतात. आठ वाजता गेलं तर तळ्यावर धुकं असतं आणि पूजा करणारी चार माणसं. देवळात जायचं म्हणून गुडघ्याखाली येणारे कपडे घालावेत आणि एक जाकीट बरोबर ठेवावं. महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो लोक कावडी घेऊन दिवसचे दिवस चालत इथे येतात, रस्ते भरून जातात. तो सोहळा बघायचा तर मुद्दाम जावं, पण त्या दिवसांत दुसरं काही पाहण्याचा बेत आखू नये. गंगा तलावानंतर जवळच्या बोआ शेरी चहाच्या मळ्यात जेवण करून परतावं. पठाराचा दिवस तिथेच संपवावा.

शामारेलला स्वतंत्र दिवस द्यायलाच हवा. प्रवासी कंपन्यांच्या छापील पत्रकात ‘सात रंगांची माती’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे पोचल्यावर लाकडी कुंपणातली उघडी, लाटालाटांची छोटीशी जागा बघून पुष्कळ जण खट्टू होतात. दोष जागेचा नाही, वेळेचा आहे. भर दुपारी सगळे रंग एकच तांबूस दिसतात. सकाळी दार उघडताच गेलं किंवा आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला असला, तर तिरप्या उन्हात रंग वेगळे होतात: विटकरी, गंजलेला तपकिरी, राखाडी, मध्येच जांभळट निळा. एका उंचवट्यावर थांबून एकाच लाटेकडे पाच मिनिटं बघावं. वरच्या कडेला तांबडा, उतारावर पिवळसर, खळग्यात निळसर असा क्रम हळूहळू उलगडतो. हा रंग कुणी ओतलेला नाही. काळा बेसाल्ट उष्ण पावसात झिजत गेला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. लोहाने लाल-तपकिरी छटा दिल्या, ॲल्युमिनियमने निळ्या-जांभळ्या. कोकणातला जांभा याच जातीच्या झिजेतून तयार झाला आहे. चिऱ्याच्या खाणीशेजारी वाढलेल्या माणसाला शामारेलमध्ये घरचं काहीतरी दिसतं ते उगाच नाही.

त्याच आवारात शामारेलचा धबधबा आहे, सुमारे शंभर मीटरचा. समोरच्या सज्ज्यावरून तो नीट दिसतो. मग गावात जेवावं आणि परतताना ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानाच्या कठड्यावर थांबावं. हे उद्यान 1994 मध्ये जाहीर झालं. बेटावरचं मूळचं जंगल आता थोडंच उरलं आहे आणि त्यातला मोठा भाग इथे आहे. 1974 मध्ये मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा निसर्गात फक्त चार उरल्याची नोंद होती. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून आणि पुन्हा रानात सोडून तो वाचवला गेला. ज्या बेटावरून डोडो कायमचा गेला, त्याच बेटावर हे घडलं. उद्यानात ओळखीच्या खुणा असलेल्या पायवाटा आहेत. अर्धा दिवस चालण्याची तयारी असेल तर पठारावरून खाली दरीत उतरणारी वाट घ्यावी आणि गाडी खाली बोलवावी. गुडघ्यांचा त्रास असेल तर कठड्यावरूनच दरी पाहून समाधान मानावं. तेही कमी नाही.

नैऋत्य टोकाचा ल मोर्न हा 556 मीटरचा बेसाल्टचा एकसंध कडा समुद्रातून उठल्यासारखा दिसतो. पळून आलेले गुलाम याच्या माथ्यावर आणि कपारींत लपून राहत. म्हणून युनेस्कोने 2008 मध्ये तो जागतिक वारशात घेतला. 1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली, आणि तो दिवस आजही सुटीचा आहे. चढाईचा पहिला टप्पा रुंद, सोपा. सहकुटुंब जाता येतं आणि तिथूनही खाडीचं निळं-हिरवं पाणी डोळाभर दिसतं. पुढचा टप्पा मात्र हातापायांनी चढायचा उघडा कातळ आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्यांना तो जमेल, पण पाऊस पडून गेला असेल तर त्यांनीही जाऊ नये. ओला काळा कातळ किती निसरडा असतो हे त्यांना सांगायला नको. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करून ऊन तापायच्या आत खाली यावं. स्थानिक वाटाड्या घेतला तर वाटेतला इतिहासही कळतो. खाली समुद्राकाठी गुलामांच्या स्मृतीचं स्मारक आहे, तिथे थांबल्याशिवाय परतू नये.

समुद्राबद्दल दोन शब्द सावधगिरीचे. जवळजवळ सगळ्या बेटाला प्रवाळाच्या भिंतीचा वेढा आहे. लाटा बाहेर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री इथे मात्र ही भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतात. बघायला ही जागा विलक्षण, पोहायला अजिबात नाही. तिथली पाटी वाचावी आणि पाळावी. आतल्या शांत पाण्यातही रबरी बूट घालूनच उतरावं, कारण तळाशी सी-अर्चिनचे काटे असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही. प्रवाळावर उभं राहू नये. टॅमरिनच्या खाडीत पहाटे डॉल्फिन येतात आणि त्यांच्यामागे बोटींचा ताफाही. पाण्यात उड्या टाकून त्यांना घेरणाऱ्या सहली घेऊ नयेत. लांबून बघणारी, इंजिन मंद ठेवणारी बोट शोधावी, नाहीतर किनाऱ्यावरूनच पाहावं.

सुयाकला गेल्यावर रोचेस्टर धबधबा चुकवू नये. उंचीला तो किरकोळ, जेमतेम दहा मीटर. पण पाण्यामागची भिंत बघण्यासारखी. लाव्हा थंड होताना आकसून त्याचे उभे, कोनदार खांब झाले आहेत, जणू कुणी काळ्या तुळया एकीला एक लावून ठेवल्या आहेत. मुंबईच्या माणसाने ही रचना अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर पाहिलेली असते, किंवा रोज शेजारून जाऊनही पाहिलेली नसते.

पोर्ट लुईससाठी आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी शहर झोपतं. आधी बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर जावं. भारतातून आलेले मजूर इथे उतरत, दोन दिवस थांबत, त्यांची नोंद होई आणि मग त्यांना मळ्यांवर पाठवत. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख माणसं अशी आली. युनेस्कोने 2006 मध्ये या जागेची नोंद केली. आज तिथे काळ्या दगडाच्या काही भिंती, शेड आणि सोळा पायऱ्या उरल्या आहेत. जागा लहान आहे. घाईत असलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर पडेल. तसं करू नये. शेजारच्या माहिती केंद्रात आधी तासभर घालवावा आणि मग पायऱ्यांपाशी यावं. घडीव काळ्या दगडाच्या साध्या पायऱ्या आहेत त्या, आपल्याकडच्या कुठल्याही नदीघाटावर असतात तशा. बोटीतून उतरलेल्या माणसाचा या बेटावरचा पहिला पाय याच दगडावर पडे. ज्यांच्या घरात ‘आमचे एक पणजोबा मिरच देशी गेले’ (म्हणजे मॉरिशसला) अशी आठवण सांगितली जाते, त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटशी निघण्यापूर्वीच पत्रव्यवहार करावा. स्थलांतरितांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं तिथल्या अभिलेखागारात जपलेली आहेत. नाव, गाव आणि अंदाजे साल एवढं हाताशी असेल तर शोध सोपा होतो.

घाटावरून चालत मध्यवर्ती बाजारात यावं आणि दालपुरी खावी. तिथे तिला ‘ढोल पुरी’ म्हणतात. मागावी लागते ती जोडीने, ‘एन पेर’ म्हणून. वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पातळ सारण भरलेल्या, कागदासारख्या मऊ दोन पोळ्या. त्यांत पांढऱ्या वालासारख्या घेवड्याची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. विक्रेत्याचे हात इतके भराभर चालतात की पैसे काढेपर्यंत गुंडाळी कागदात बांधून समोर येते. शेजारच्या गाड्यावर ‘गातो पिमां’ म्हणजे तिखट डाळवडे, आणि प्यायला ‘आलुदा’, म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध. शाकाहारी माणसाची मॉरिशसमध्ये उपासमार होत नाही, म्हणून फराळाच्या पिशव्यांनी सामान जड करण्याचं कारण नाही. ताजी फळं, बियाणं, रोपं तर बरोबर नेऊच नयेत; परवान्याशिवाय ती आत नेता येत नाहीत. बाजारानंतर उभारी असेल तर निसर्ग इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा बघावा, किंवा ब्लू पेनी म्युझियममध्ये 1847 ची टपाल तिकिटं. मूळ तिकिटांचा रंग उडू नये म्हणून त्यांच्यावर ठरावीक वेळीच दिवा लावतात; दारातच ती वेळ विचारून घ्यावी.

उत्तरेला पाम्प्लमूसचं वनस्पती उद्यान आणि जुन्या साखर कारखान्यातलं साखरेचं संग्रहालय अगदी जवळजवळ आहेत. दोन्ही मिळून एक आरामाचा दिवस होतो. ऊस आणि सहकारी कारखाना ज्यांच्या बोलण्यात रोज असतो, त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हे संग्रहालय विशेष आवडेल. ग्रां बे हा बाजारपेठेचा किनारा आहे. एक संध्याकाळ पुरे.

शेवटचे तीन दिवस माहेबूरला. सोमवारी तिथला आठवडे बाजार भरतो. जवळच्या पॉइंट जेरोमहून इल ओ एग्रेत या चिमुकल्या बेटावर बोट जाते. हे बेट ज्वालामुखीचं नाही, प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. 26 हेक्टरवर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथे किनारी रान पुन्हा उभं केलं आहे. वाटेत महाकाय कासवं आडवी येतात आणि नशीब असेल तर गुलाबी कबुतर दिसतं. आधी नोंदणी करावी लागते. ब्लू बेच्या सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. याच किनाऱ्याजवळ जुलै 2020 मध्ये ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळावर चढलं, त्यातून तेल सांडलं आणि हजारो लोकांनी उसाचं पाचट भरलेल्या लांब पिशव्या शिवून ते अडवण्याची धडपड केली. बोटवाल्याला त्या दिवसांबद्दल विचारलं तर तो सांगतो. ऐकून घ्यावं.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि खर्चाची सोय मात्र दाखवता आली पाहिजे, आणि निघण्यापूर्वी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोचतं, घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागतं. मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास असतो. तिथल्या नोटांवर देवनागरी अक्षरं बघून मुलं हरखतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. स्वतः चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, पण अंधार पडल्यावर उसातल्या अरुंद रस्त्यांवर जाऊ नये. नाहीतर चार दिवस एकच टॅक्सी ठरवावी, दिवसाचा दर आणि कुठे थांबायचं हे आधीच बोलून घ्यावं आणि दुकानांचे फेरे नकोत असं स्पष्ट सांगावं. नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, कारण काही वेदनाशामकांबाबत तिथले नियम कडक आहेत. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नयेत, त्याला मनाई आहे.

आणि तारखा ठरवायला अजून वाव असेल तर पंचांग काढून बघावं. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी आहे. तिथला पहिला गणेशोत्सव 1896 मध्ये हेन्रिएता गावात झाल्याचं सांगतात. सुटी असते ती विसर्जनाच्या दिवशी; 2024 आणि 2025 मध्ये ती आपल्याकडच्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होती. पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या गावांतून मिरवणुका निघतात. त्यांत झाकरी नाचतात. रत्नागिरीच्या जाखडीचंच हे रूप, दीडशे वर्षं समुद्रापलीकडे टिकलेलं. हवाही तेव्हा कोरडी, चक्रीवादळाचं भय नाही. फ्लिक आं फ्लाकला मुक्काम असेल तर त्या दुपारी दुसरा कुठलाही बेत ठेवू नये. चप्पल हातात घेऊन किनाऱ्यावर जावं, आरतीत सामील व्हावं आणि तिथल्या माणसांशी आधी मराठीत बोलून पाहावं.